हस्तलिखितासोबत हिशेबाची वहीही मागा

मराठीत कुमार-कादंबऱ्या छापणारे प्रकाशक, त्यांचे संपादक आणि दिवाळीला कुमार विशेषांक काढणारी मंडळी यांना,

स. न. वि. वि.

तुमच्या टेबलावर या घडीला एक हस्तलिखित नक्की पडलेलं असणार. त्यातली मुलगी गाडीतून शाळेत येते, मुलगा सायकलवरून. मुलाची आई चार घरची धुणीभांडी करते आणि मुलगा वर्गात पहिला येतो. तिसऱ्या प्रकरणात पाऊस पडतो आणि छत्री एकच असते. नवव्या प्रकरणात मुलीचे वडील त्याला ‘तुझी लायकी काय?’ असं विचारतात. शेवटी एकतर मुलाला शिष्यवृत्ती मिळते, नाहीतर वडिलांचं मन पालटतं, नाहीतर कोणीतरी मरतं.

हे हस्तलिखित साभार परत करू नका. चौदा ते सतरा वयातली मुलं प्रेमात पडतात, आणि घरच्या परिस्थितीतला फरक त्यांना त्या प्रेमातच पहिल्यांदा नीट कळतो. विषय खरा आहे. आमची तक्रार एवढीच की या गोष्टींमध्ये पैसा नाटकाच्या मागच्या पडद्यासारखा टांगलेला असतो. बंगला रंगवला, पत्र्याचं छप्पर रंगवलं, झालं. तो पैसा महिन्याच्या कितव्या तारखेला संपतो, कोणाचं कोणाला देणं आहे, कोणाच्या फोनवर मेसेज जातो, यातलं काहीच लेखकाने ठरवलेलं नसतं. म्हणून मग गोष्ट पुढे सरकवायला पाऊस आणि योगायोग लागतात.

यावर आमची सूचना साधी आहे. हस्तलिखितासोबत लेखकाकडे आणखी एक वही मागा: दोन्ही घरांच्या एका महिन्याच्या जमाखर्चाची. ती छापायची नाही. चार पानं पुरतात. ती लिहिताना लेखकाला जे प्रश्न पडतील, त्यांतल्या निम्म्या प्रश्नांची एकेक प्रकरणं होतात.

वहीच्या डोक्यावर साल आणि जागा हवी. ‘एका शहरात’ चालणार नाही. मुंबईतली गोष्ट असेल आणि मुलगा झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत राहत असेल, तर त्या घराचं क्षेत्रफळच साल सांगून जातं. ही घरं आधी २२५ चौरस फुटांची होती, नंतर २६९ ची झाली, आता ३०० ची आहेत. या योजनेत एकाच भूखंडावर पुनर्वसनाची इमारत आणि बाजारात विकायचा टॉवर शेजारीशेजारी उभे राहतात. दोघांची फाटकं वेगळी असतात, मध्ये भिंत असते. टॉवरच्या नवव्या मजल्यावरच्या मुलीला समोरच्या इमारतीतल्या मुलाच्या घरचं वाळत घातलेलं सगळं दिसतं. तिच्या खिडकीला काचा काळ्या असल्यामुळे त्याला मात्र काही दिसत नाही. एवढ्यावर एक प्रकरण उभं राहतं. आणि वही म्हणते, पुनर्वसनाच्या घराला भाडं नसलं तरी देखभालीची वर्गणी असते. ती चारजणांनी थकवली आणि लिफ्टची दुरुस्ती अडली की अकराव्या मजल्यावरची आजी महिना महिना खाली येत नाही. ‘झोपडीतून फ्लॅटमध्ये गेले आणि दैन्य संपलं’ असं लिहिणाऱ्याने ही वर्गणी मांडलेली नसते.

साल मोबाइलसाठीही लागतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, त्याच्या आधीची गोष्ट असेल तर गरीब मुलाचं प्रेम मिस्ड कॉलवर चालतं: एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे आई घरी आहे. त्यानंतरच्या गोष्टीत डेटा स्वस्त आहे, पण फोन आईचा आहे, आणि आई सकाळी सातला तो घेऊन कामाला जाते. म्हणजे मुलाला मेसेज वाचायला मिळतात ते रात्री साडेनऊनंतर. मुलीने दुपारी तीनला पाठवलेल्या मेसेजला साडेसहा तास उत्तर नाही, म्हणून ती रुसते. तिच्या हातात स्वतःचा फोन आहे, त्यामुळे न वाचलेला मेसेज तिला अपमान वाटतो. आणि मेसेज दिसला तो त्याच्या आईला, भांडी विसळताना. लेखकाने इथे गैरसमज घडवून आणण्यासाठी कुठलाही खलनायक आणायची गरज नाही.

रिचार्जची मुदत बहुतेकदा २८ दिवसांची असते, महिन्याची नसते. वर्षाचे त्यामुळे तेरा रिचार्ज होतात, बारा नाही. पगार महिन्याने होतो आणि रिचार्ज २८ दिवसांनी संपतो, म्हणून दर महिन्याला ती तारीख दोन-तीन दिवसांनी मागे सरकते आणि कधीतरी पगाराच्या बरोबर आधी येऊन पडते. त्या महिन्यात मुलगा चार दिवस गायब. ‘तू मला ब्लॉक केलंस का?’ हे वाक्य त्या चार दिवसांतलं आहे.

आता घराची वही. नमुना म्हणून आम्ही एक मांडतो, आकडे लेखकाने आपल्या गावाप्रमाणे बदलावेत. वडील सोसायटीत वॉचमन, बारा तासांची पाळी, १४,००० रुपये. आई चार घरी, प्रत्येकी अडीच हजार, म्हणजे १०,०००. जमा २४,०००. खर्चात खोलीचं भाडं ७,०००, किराणा आणि दूध ७,५००, गॅस ९००, वीज ८००, गावी आजी-आजोबांना २,५००, भिशी २,०००, मुलाच्या क्लासची फी १,५००, दोन मोबाइल ४००, येणंजाणं ८००. बेरीज २३,४००. शिल्लक ६००.

या सहाशे रुपयांत आजारपण, चपला, राखी आणि लग्नाचा आहेर बसवायचा आहे. आता हस्तलिखितातलं ते प्रकरण काढा, जिथे मुलगा मुलीला कॅफेत घेऊन जातो. दोन कॉफ्या, एक केक, कर धरून बिल पाचशे-सहाशेच्या घरात. लेखक लिहितो, ‘त्याने साठवलेले पैसे काढले.’ कुठून साठवले? किती महिने? त्याने ते क्लासच्या फीतून मारले असतील, तर क्लासवाले सर पाच तारखेला आईला फोन करतील. भिशीतून मारले असतील तर आईची भिशीवाल्या बायकांमधली पत जाईल, आणि ती पुन्हा मिळवायला वर्ष जातं. लेखकाने यातलं एक निवडावं. ‘साठवलेले’ हा शब्द दिसला की संपादकाने लाल पेन उचलावं.

मग मुलगा काम करतो, असं लेखक सुचवतो. चालेल, पण कसलं? चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही, आणि चौदा ते अठरामधल्यांना धोक्याच्या कामांवर ठेवायला २०१६ च्या दुरुस्तीने बंदी आहे. घरपोच जेवण पोचवणाऱ्या कंपन्या अठरा वर्षं पूर्ण असल्याशिवाय घेत नाहीत, आणि बाइकला परवाना लागतो. पंधरा वर्षांचा नायक बाइकवरून पिझ्झा पोचवतो, आणि नेमका नायिकेच्याच दारात, ही जागा आता फार मळलेली आहे आणि चुकीचीही. तो पहाटे पेपर टाकू शकतो, गणपतीच्या आधी मूर्तींच्या कारखान्यात रंगकामाला बसू शकतो, लग्नसराईत वाढप्याचं काम करू शकतो. शेवटचं आम्हाला सगळ्यात आवडतं, कारण त्यात ती मुलगी पंगतीत बसलेली असू शकते आणि त्याच्या हातात मठ्ठ्याची किटली असते.

बंगल्यातल्या घराचीही वही लिहायची असते, आणि लेखक ती हटकून टाळतात. ‘पैसा भरपूर आहे’ एवढ्यावर भागवतात. भरपूर असलेल्या घरातही पोराच्या हातात रोकड नसते, हे आधी ध्यानात घ्या. कार्ड आईचं, ओटीपी वडिलांच्या फोनवर. मुलीने तीनशे रुपयांचं काही मागवलं तरी वडिलांना मीटिंगमध्ये मेसेज येतो. उलट वॉचमनच्या पोराच्या खिशातली वीस रुपयांची नोट फक्त त्याचीच असते. तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. म्हणजे दोघं हातगाडीवर वडापाव खायला थांबली, तर पैसे तोच देणार. तिला हे आधी गंमतीचं वाटेल, तिसऱ्या वेळी अवघड. या उलट्या हिशेबातून नात्याला जो ताण येतो, तो ‘लायकी काय’च्या संवादापेक्षा कितीतरी वाचनीय असतो. शिवाय बंगल्यावर कर्ज असू शकतं, बांधलेले फ्लॅट विकले जात नसतील, गाडी कंपनीच्या नावावर असेल. आणि दोन्ही घरं स्वतःला ‘आम्ही मध्यमवर्गीय’ म्हणवत असतील, कारण मराठीत सगळेच मध्यमवर्गीय असतात.

भेटवस्तूंवर जरा थांबायला हवं. श्रीमंत मुलगी मुलाला दोन हजारांचे इअरफोन देते. मुलगा खूश, प्रकरण संपलं. प्रत्यक्षात तिथे ते सुरू व्हायला हवं. ते इअरफोन घरात कुठे ठेवणार? दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, एक कपाट. आई पहिला प्रश्न विचारणार, ‘कुठनं आणलंस?’ ‘मित्राने दिलं’ म्हटलं की दुसरा प्रश्न, ‘कशाला?’ आणि तिसरा प्रश्न आई विचारत नाही, पण ती रात्रभर जागी राहते, कारण ज्या घरात ती कामाला जाते तिथे काही हरवलं की आधी तिच्याच पिशवीकडे बघतात. गरीब मुलाकडे महागडी वस्तू दिसली की ती चोरीची ठरते, हे त्या मुलाला ठाऊक असतं आणि देणाऱ्या मुलीला नसतं. तो ते इअरफोन शाळेच्या बाकाखाली लपवेल, हरवेल, आणि हरवल्याचं तिला सांगणार नाही. ती विचारेल, ‘वापरत का नाहीस? आवडले नाहीत का?’

दुचाकीचंही तसंच. सोळा वर्षांची नायिका स्कूटरवरून नायकाला मागे बसवून फिरवते, असं दर दुसऱ्या हस्तलिखितात असतं. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा. बाजारातल्या नेहमीच्या स्कूटर त्याच्या दुप्पट आहेत. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लेखकाने हा दृश्यभाग काढून टाकावा असं आम्ही म्हणत नाही. उलट पोलिसाला चौकात उभा करावा. मुलगी पकडली गेली तर वडिलांचा एक फोन जातो. मुलगा पकडला गेला, आणि गाडी वडिलांच्या सुपरवायझरची असेल, तर २५,००० रुपये सुपरवायझरच्या नावावर. वरच्या वहीत शिल्लक सहाशे होती. फेडायला बेचाळीस महिने लागतात, तेही आजारपण आलं नाही तर.

ही दोन मुलं एका वर्गात आली कशी, याचं उत्तर बहुतेक लेखक ‘हुशार होता म्हणून’ असं देतात. अलीकडच्या शहरी गोष्टीसाठी त्याहून खरं उत्तर उपलब्ध आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये आहे. वंचित घटकांना, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती वगैरेंना, ती लागू नाही. प्रवेश सोडतीने होतो. म्हणजे त्या मुलाची हुशारी सहाव्या वर्षी कोणी तपासलेली नाही, चिठ्ठी निघाली. हे एक वाक्य कादंबरीत आलं तरी ‘गरीब पण हुशार’ या साच्यातून तो पोरगा सुटतो. त्याला अठ्ठावन्न टक्के मिळू द्या. त्याला गिटार, कबड्डी, कविता यांतलं काहीही येत नसू द्या. त्याने कधी कॉपी केलेली असू द्या. श्रीमंत मुलीवर प्रेम करायला गरिबाने आधी गुणवत्ता यादीत यावं, ही अट लेखकाने घातलेली असते आणि ती फार वाईट अट आहे.

वर आपण मांडलेली वही इथे तपासून पाहा. २४,००० महिना म्हणजे वर्षाला २,८८,०००. हे घर दुर्बल घटकाच्या मर्यादेत बसतच नाही. एकतर ते वंचित घटकातलं आहे, आणि मग जातीचा दाखला कथेत आलाच. नाहीतर उत्पन्नाचा दाखला खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे वर्गातल्या कोणालातरी माहीत आहे. जमाखर्च मांडला नसता तर ही गाठ लेखकाला दिसलीच नसती.

या कायद्यातला कादंबरीसाठी सर्वांत कामाचा भाग मात्र शेवटाकडे आहे. मोफत शिक्षण आठवीपर्यंतच. नववीला त्याच शाळेत राहायचं तर पूर्ण फी. मुलं तेव्हा साधारण चौदा वर्षांची असतात, म्हणजे प्रेम सुरू व्हायचं वय आणि शाळा सुटायचं वय एकच. आठवीच्या एप्रिलमध्ये मुलीला जून गृहीत धरलेला असतो, मुलाला नसतो. तो तिला सांगत नाही. ती उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी जाते, परत येते, आणि नववीच्या वर्गात त्याचा बाक रिकामा. इथे लेखक घाईघाईने ‘शिष्यवृत्ती’ काढतात. आठवीत परीक्षा देऊन नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये देणारी केंद्राची आर्थिक दुर्बल घटकांसाठीची शिष्यवृत्ती खरोखर आहे, पण ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित खासगी शाळेत शिकणाऱ्या मुलाला त्या परीक्षेला बसताच येत नाही. सोडतीत नंबर लागला तोच त्याला त्या शिष्यवृत्तीतून बाहेर काढतो. मुद्दाम रचायला गेलं तरी इतकी कडवट गाठ सुचली नसती. ती तशीच वापरा.

याच्यापेक्षाही एक जड गोष्ट आहे, आणि तिच्यावर तुम्ही संपादकांनी अडून बसावं असं आम्हाला वाटतं. मुलगा मालकाच्या घरचा आणि मुलगी त्याच घरात काम करणाऱ्या बाईची, अशी रचना असेल तर ती गोष्ट गोड समजून घेऊ नका. घरकाम करणाऱ्या बाईने मॅडमकडून मोठ्या मुलीच्या लग्नासाठी २०,००० उचल घेतलेली असते. दर महिन्याला पगारातून हजार कापले जातात. वीस महिने ती ते काम सोडू शकत नाही. तिला नोटिशीची मुदत नाही, लेखी करार नाही. घरेलू कामगारांसाठी राज्यात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, त्यात नोंदणी होते, पण ‘उद्यापासून येऊ नको’ या वाक्याला तो अडवत नाही. अशा घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलीला मॅडमच्या मुलाने ‘मला तू आवडतेस’ म्हटलं, तर तिच्या ‘नाही’ची किंमत किती? आईचं काम, राहिलेली उचल, दिवाळीचा बोनस, आणि त्या बिल्डिंगमधल्या बाकीच्या तीन घरांत पसरणारी कुजबुज. ‘हो’ म्हणण्यात तिची खुशी किती आणि हा हिशेब किती, हे तिला स्वतःलाही वेगळं काढता येणार नाही. मुलगा चांगला असला तरी हे बदलत नाही. किंबहुना तो चांगला असला तर जास्त अवघड, कारण त्याला वाटतं की आपण काहीच लादलेलं नाही.

म्हणून अशा हस्तलिखितात एक जागा शोधा: मुलीला काही न गमावता ‘नाही’ म्हणता येईल अशी एकतरी वेळ लेखकाने तिला दिली आहे का? उचल फिटलेली आहे का? आईला दुसरं काम मिळालं आहे का? ती वेळ येईपर्यंत गोष्ट प्रेमाची होत नाही. लेखकाने ती वेळ आणली, आणि त्यानंतर मुलगी स्वतः त्याच्याकडे गेली, किंवा गेली नाही, तर ते प्रकरण वाचकाच्या लक्षात राहील.

इथेच संबोधनांकडेही बघा. आई मालकाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला ‘ताई’ म्हणते, ‘दीदी’ म्हणते. ती मुलगी आईला ‘मावशी’ म्हणते, पण ‘ए मावशी’. आणि आईचा मुलगा त्या ‘ताई’ला ‘ए वेडे’ म्हणतो. हे तिन्ही शब्द एका खोलीत ऐकू आले, तर तिथे दुसऱ्या कुठल्याच संवादाची गरज नाही. मुलगी पहिल्यांदा मुलाच्या घरी येते तेव्हा आई तिला नेमकं काय म्हणेल, हे लेखकाला विचारा. उत्तर ‘बाळा’ असं आलं तर पुन्हा विचार करायला सांगा.

गावाकडची गोष्ट असेल तर वहीसोबत पंचांग ठेवावं लागतं. बागायतदाराचा मुलगा आणि ऊसतोड मजुराची मुलगी ही जोडी लेखकांना आवडते, पण आम्ही वाचलेल्या अनेक मसुद्यांत मुलगी आषाढातल्या पावसात त्याच्या गावच्या ओढ्याकाठी भेटते. आषाढात ती तिथे नसते. बीड, अहिल्यानगर वगैरे भागांतल्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल आधीच घेतलेली असते आणि ती फिटेस्तोवर कोयता मोडता, म्हणजे काम सोडता, येत नाही. एका दिवसाचा खाडा पडला तरी पैसे कापतात. राहायला पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. टोळी एका रानात महिनाभर नसते; कारखान्याच्या चिटबॉयने, म्हणजे तोडीचा क्रम सांगणाऱ्या माणसाने, सांगितलेल्या क्रमाने एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. म्हणजे मुलाच्या रानात मुलगी असते ती तीन-चार दिवस, आणि त्यानंतर कुठल्या शिवारात असेल हे त्याला चिटबॉयलाच विचारावं लागतं. का विचारतोय हे चिटबॉयला लगेच कळतं. मुलीच्या हातात स्वतःचे असे पैसे येतात ते वाढे विकून: उसाचे हिरवे शेंडे, पेंढी बांधून गावातल्या गायी-म्हशीवाल्यांना. त्या मुलाच्या घरीही म्हशी असणार. तो वाढ्यांची पेंढी तिच्याकडून विकत घेईल, की त्याचा बाप म्हणेल, ‘आपल्याच रानातलं आहे, पैसे कसले द्यायचे?’

शाळेचा प्रश्नही यातूनच येतो. हंगामी वसतिगृहात ठेवलेली मुलगी गावाकडे राहते, कोयत्यासोबत आलेली मुलगी शाळेतून सहा महिने गळते. पंधरा-सोळाव्या वर्षी तिचं लग्न लावून नवा कोयता उभा करण्याचा प्रकार सर्वांना माहीत आहे. तेव्हा ‘पुढच्या हंगामात भेटू’ असं ती म्हणते तेव्हा ती कोणासोबत परत येईल हे तिच्या हातात नसतं. आणि बागायतदाराच्या घराकडे बघताना एक लक्षात असू द्या: ऊस कारखान्याला गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यायचे असा नियम १९६६ पासून आहे, पण बिल लांबलं की गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज मुदतीत फेडायची घाई त्या घरालाही असते. वीस एकरवाला आणि दोन एकरवाला दोघांनाही गाव ‘बागायतदार’ म्हणतं. लेखकाने एकर लिहायला हवेत.

एसटीबद्दल एवढंच: ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत आहे, मुलांना सवलतीत पण विकत. १७ मार्च २०२३ पासून बायकांना तिकीटही अर्धं. तेव्हा ‘तिच्याकडे बसला पैसे नव्हते म्हणून शाळा सुटली’ हे वाक्य तपासून घ्या. बहुतेक वेळा ते वाक्य मुलाचं असतं. आणि पास घर ते शाळा एवढ्याच रस्त्याचा असतो. तालुक्याला सिनेमा बघायला तो चालत नाही.

आडनावाचं काय करायचं? बरेच लेखक दोन्ही पात्रांना आडनावच देत नाहीत आणि म्हणतात, आम्हाला फक्त श्रीमंत-गरीब दाखवायचं आहे. मराठीत हे जमत नाही. वाचक पाचव्या पानावर स्वतःच आडनाव बसवतो आणि पुढची गोष्ट त्या आडनावाने वाचतो. पैसा लपवता येतो, उसने कपडे घालता येतात. हजेरीपटावरचं नाव लपत नाही. लेखकाने दोन्ही घरं एकाच जातीची ठेवली तरी हरकत नाही, मग उपजात, गाव आणि सोयरिकीचा दर्जा येतो. पण ठरवायला हवं. ‘सैराट’ २०१६ साली येऊन गेला. त्याचा शेवट जातीतून आलेला होता. जात गाळून तोच शेवट उसना घेतलेली हस्तलिखितं तुमच्याकडे येत असतील तर त्यातलं रक्त रंगाचं आहे हे वाचकाला लगेच कळतं.

कायद्याच्या बाबतीत मात्र हयगय चालणार नाही, कारण वाचणारी मुलं यालाच माहिती समजतात. दोघं पळून जातात, मुलीचे वडील तक्रार करतात, पोलीस मुलाला कोठडीत टाकून मारतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. यात चुका तीन. अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं आणि ठेवायचंच तर निरीक्षणगृहात. मारहाण होत नाही असं आम्ही म्हणत नाही. पण ती बेकायदा आहे हे पुस्तकातल्या एखाद्या तरी पात्राला ठाऊक असावं. मुलाचं किंवा मुलीचं नाव, फोटो, शाळा छापायला बंदी आहे. आणि साल बदललं की कलम बदलतं: १ जुलै २०२४ च्या आधी भारतीय दंड संहितेत पालकांच्या ताब्यातून पळवून नेण्यासाठी मुलाचं वय सोळाखाली आणि मुलीचं अठराखाली धरत, भारतीय न्याय संहितेत दोघांनाही अठरा आहे. म्हणजे आता सतरा वर्षांच्या मुलासोबत एकोणीस वर्षांची मुलगी निघाली तर गुन्हा तिच्यावरही लागू शकतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली अठरा वर्षांखालच्यांची संमती संमती मानली जात नाही, आणि असा गुन्हा झाल्याचं कळलेल्या माणसावर, मग ते शिक्षक असोत की डॉक्टर, पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. कादंबरीतल्या प्रेमळ बाई ‘मी कोणाला सांगणार नाही’ म्हणतात तेव्हा त्या काय पत्करत आहेत हे लेखकाला माहीत हवं. दोन घरांतला फरक इथे पुन्हा दिसतो: एका घराला वकील रात्री फोनवर मिळतो, दुसऱ्या घराला मोफत विधी सेवा मिळू शकते हे कोणीतरी सांगावं लागतं, आणि तोवर वडिलांचे तीन दिवसांचे पगार बुडालेले असतात.

शेवटांबद्दल फार लिहीत नाही. मन पालटणारे वडील, शिष्यवृत्ती आणि मृत्यू हे तिन्ही शेवट वहीत बसवून दाखवा, असं लेखकाला सांगितलं की ते बहुधा आपोआप गळतात. उरतं ते दहावीनंतरचं: अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात एकीला व्यवस्थापन कोट्यातून कॉलेज मिळतं, दुसऱ्याला यादीतून मिळतं ते दोन गाड्या बदलून जायचं. ठाण्याला उतरताना तिसऱ्या महिन्यात दोघं एकमेकांना दिसतात, आणि तो हाक मारत नाही. कारण त्याच्या अंगावर कामाचा टी-शर्ट आहे.

एक शेवटची बाब तुमच्याच वहीतली. दीडशे पानांच्या कुमार-कादंबरीची किंमत दोनशेच्या आसपास ठेवता. त्या मुलाचा २८ दिवसांचा रिचार्जही तेवढ्याचाच. तो काय निवडेल हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून ही पुस्तकं प्रत्यक्षात टॉवरच्या नवव्या मजल्यावरच वाचली जातात, आणि लेखकही नकळत नवव्या मजल्याला समजेल असंच लिहितो. वर्तमानपत्री कागदावर, पुठ्ठ्याशिवाय, साठ-सत्तर रुपयांची शालेय आवृत्ती निघू शकेल का, आणि प्रत्येक शीर्षकाच्या पन्नास प्रती महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांच्या ग्रंथालयांना पोचतील का, याचा हिशेब तुमच्या पुढच्या बैठकीत मांडावा. छपाईच्या दरपत्रकाची प्रत सोबत ठेवली तर लेखकांनाही तो बघायला आवडेल.

कळावे, लोभ असावा.

आपले,
कुमार-कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचून शेरे देणारे काहीजण